घरच्या घरी गांडूळखत: कचरा किती, गांडुळं किती आणि पेटी बिघडते कुठे

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यापासून गांडुळांच्या मदतीने जे खत तयार होते त्याला गांडूळखत किंवा व्हर्मिकंपोस्ट म्हणतात. शेतावर ते मोठ्या वाफ्यावर करतात. फ्लॅटच्या बाल्कनीत, चाळीच्या गॅलरीत किंवा मोरीशेजारच्या सावलीच्या कोपऱ्यात ते भाजीच्या दोन क्रेटमध्येही होते. वीज लागत नाही, जागा थोडी लागते आणि नीट चाललेल्या पेटीला वास येत नाही. तरीही हौसेने आणलेली पेटी दोन-तीन महिन्यांत बंद पडल्याचे अनेक घरांत ऐकायला मिळते. कारण बहुधा एकच असते: पेटीला कचऱ्याचा डबा समजून घरातला सगळा ओला कचरा तिच्यात ओतला जातो. ज्यांच्या घरी कधी कोंबड्या किंवा बकऱ्या पाळल्या आहेत त्यांना ही गोष्ट लगेच कळेल. तोंडं किती आणि दाणा किती, हा हिशेब आधी करायचा असतो. गांडुळांचंही तसंच आहे.

हे करायचं कशासाठी

आपल्याकडच्या शहरांच्या घरगुती कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास ओला कचरा असतो. तो डम्पिंग ग्राउंडवर ढिगाखाली दाबला गेला की हवेविना सडतो आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. मिथेन पेट घेतो. मुंबईचे देवनार डम्पिंग ग्राउंड 1927 पासून वापरात आहे. त्याच्या अंगाला लागून शिवाजीनगर, बैंगनवाडी या गोवंडीच्या वस्त्या आहेत आणि आपल्यापैकी कित्येकांचे नातेवाईक तिथे राहतात. जानेवारी 2016 मध्ये तिथे लागलेली आग अनेक दिवस धुमसत राहिली, धूर मुंबईभर पसरला आणि परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे ज्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला, त्या गावांनी कचऱ्याच्या गाड्या अडवून पुन्हा पुन्हा आंदोलने केली. एका घराने गांडुळं पाळली म्हणून देवनारचा डोंगर खाली येणार नाही, हे खरं. पण आपल्या घरच्या सालींचा ढीग दुसऱ्याच्या दारात जाऊन सडू नये, एवढं आपल्या हातात आहे.

कायद्याची बाजूही आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. मुंबई महापालिकेने 2017 पासून मोठ्या सोसायट्यांना, म्हणजे रोज 100 किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्यांना, ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले. पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्प, सौर ऊर्जा, पावसाच्या पाण्याचे संकलन अशा सोयी असलेल्या मिळकतींना सर्वसाधारण करात 5 ते 10 टक्के सवलत देते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढायचा असेल तर हा मुद्दा उपयोगी पडतो.

गांडूळ नेमकं काय खातं

पेटी समजून घ्यायची तर एवढंच नीट लक्षात ठेवावं: गांडूळ ताजी साल खात नाही. त्याला दात नसतात. सालीवर आधी बुरशी आणि जिवाणू बसतात, साल मऊ पडते, आणि मग ती मऊ झालेली साल त्यावरच्या जिवाणूंसकट गांडूळ गिळतं. पोटात पेषणी नावाची एक जाड स्नायूंची पिशवी असते, कोंबडीला असते तशीच. गिळलेल्या मातीच्या कणांनी त्या पिशवीत अन्न भरडलं जातं. म्हणून पेटीत मूठभर माती आणि अंड्याच्या टरफलाची पूड असावी लागते. चार्ल्स डार्विनने आयुष्याच्या शेवटी, 1881 मध्ये, गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं ते याच भरडण्याच्या कामावर. शेताचा वरचा थर गांडुळांच्या पोटातून पुन्हा पुन्हा गेलेला असतो, हे त्याने मोजून दाखवलं.

दुसरी गोष्ट अशी की गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते कातडीने श्वास घेतं. कातडी ओली असेल तरच हवा आत जाते, म्हणून पेटी सुकली की गांडूळ मरतं. आणि पेटीत पाणी साचलं, हवा खेळायची थांबली, तरीही मरतं किंवा पळून जातं. डोळे नसले तरी उजेड त्याला कळतो आणि सोसत नाही. पेटीचे जवळजवळ सगळे नियम या एवढ्या माहितीतून निघतात.

कुठली गांडुळं आणायची

पावसाळ्यात अंगणात निघणारी गांडुळं गोळा करून पेटीत टाकू नयेत. त्यातली बरीच मातीत खोल बिळं करून राहणारी असतात. नुसत्या कुजक्या कचऱ्यात ती टिकत नाहीत. पेटीसाठी वरच्या थरात, पालापाचोळ्यात आणि शेणात राहणाऱ्या जाती लागतात.

आपल्याकडे तीन जाती जास्त मिळतात. आयसेनिया फेटिडा हे लालसर, अंगावर फिकट पट्टे असलेलं लहान गांडूळ. ते काटक आहे, गर्दीत राहतं आणि नवशिक्याच्या चुका सहन करतं. त्याला 15 ते 25 अंश तापमान मानवतं आणि 35 च्या वर ते तग धरत नाही. युड्रिलस युजेनी हे आफ्रिकेतून आलेलं, जांभळट झाक असलेलं मोठं गांडूळ. ते भराभर खातं आणि भराभर वाढतं, पण थंडी त्याला अजिबात सोसत नाही. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस ही आपल्याच उष्ण प्रदेशातली जात. ऊब तिला चालते, पण जरा काही बिनसलं की रात्रीतून पेटी सोडून निघून जाते. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत युड्रिलस छान चालतं. ज्या घरात हिवाळ्यातही चांगलीच थंडी पडते, तिथे आयसेनिया बरं. विक्रेते बहुधा मिश्रणच देतात आणि त्यात वाईट काही नाही. दोन-तीन महिन्यांत तुमच्या पेटीला जी जात मानवते तीच उरते.

गांडुळं जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या परिसरात किंवा गांडूळखत विकणाऱ्या शेतकऱ्याकडे चौकशी केल्यास मिळतात. घेताना एक प्रश्न जरूर विचारावा: “एक किलो म्हणजे नुसती गांडुळं, की खतासकट?” खतासकट एक किलोच्या पिशवीत कधी कधी पाव किलोही गांडुळं नसतात.

हिशेब

अमेरिकेतल्या मेरी अ‍ॅपलहॉफ यांनी 1982 मध्ये घरगुती गांडूळपेटीवर एक पुस्तक लिहिलं. त्यातला ठोकताळा आजही जगभर वापरतात. रोज जेवढा कचरा घालायचा त्याच्या दुप्पट वजनाची गांडुळं, आणि आठवड्याला दर अर्ध्या किलो कचऱ्यामागे पेटीचा एक चौरस फूट पृष्ठभाग. पृष्ठभाग महत्त्वाचा, कारण ही गांडुळं वरच्या थरातच काम करतात. पेटी एक फुटापेक्षा खोल करून काही मिळत नाही. तळाचा माल फक्त दाबला जातो आणि सडतो.

आता आपलं घर घेऊ. चार-पाच माणसांच्या घरात भाजी-फळांचा कच्चा कचरा रोज अर्धा ते एक किलो सहज होतो. भाजीवाल्यांकडे असतात त्या दोन फूट लांब क्रेटचा पृष्ठभाग साधारण अडीच चौरस फूट. असे दोन क्रेट म्हणजे पाच चौरस फूट, म्हणजे आठवड्याला अडीच किलो, रोजचे साडेतीनशे ग्रॅम. त्यासाठी पाऊण किलोच्या आसपास गांडुळं. याचा अर्थ असा की दोन क्रेट तुमच्या घरचा निम्मा कचरा घेतील, सगळा नाही. आणि बाजारात देखणी दिसणारी छोटी गोल बादली, जिचा पृष्ठभाग जेमतेम एक चौरस फूट भरतो, ती आठवड्याला अर्धा किलो कचरा घेईल. विकणारा हे सांगत नाही. आपल्या उबदार हवेत, कचरा आधी मुरवून घातला तर पेटी यापेक्षा थोडं जास्तही पचवते. पण सुरुवात याच आकड्यावर करावी आणि पेटी किती खाते ते पाहून वाढवावी.

उरलेल्या कचऱ्याचं काय? पेटीशेजारी झाकणाची, बाजूला भोकं पाडलेली एक साधी बादली ठेवावी. तिला मुरवणीची बादली म्हणू. कचरा आधी तिच्यात जातो, प्रत्येक थरावर तेवढाच सुका पाला किंवा कागदाचे तुकडे. आठ-दहा दिवसांत माल मऊ पडतो, सुरुवातीची गरमी निघून जाते. हात लावून गरम लागला नाही की त्यातलाच गांडुळांना द्यायचा. बादली भरली तर तिच्यातच दोन-तीन महिन्यांत साधं कंपोस्ट होतं. ही बादली असेल तर गांडूळपेटीवर जबरदस्ती होत नाही. माझ्या मते पेटीच्या आधी बादलीच सुरू करावी.

पेटी भरणे

क्रेटला सगळीकडे फटी असतात, त्यामुळे हवा आपोआप खेळते. आतून जुनं गोणपाट किंवा शेडनेटचा तुकडा लावावा म्हणजे माल सांडत नाही. प्लास्टिकचा बंद डबा असेल तर तळाला आणि वरच्या कडेजवळ भोकं पाडावीत. खाली दोन विटा आणि एक ताट. उंदीर-घुशींचा त्रास असलेल्या तळमजल्यावर बाहेरून बारीक लोखंडी जाळी हवीच.

तळाला दोन-तीन इंच नारळाच्या शेंड्या. त्यावर पाच-सहा इंच अंथरूण: वर्तमानपत्राच्या पट्ट्या, पुठ्ठ्याचे तुकडे, सुका पाला, भिजवून पिळलेलं कोकोपीट, यातलं जे हाताशी असेल ते. चकचकीत मासिकांचा कागद नको. त्यात दोन-तीन मुठी कुंडीतली माती आणि शक्य असेल तर जुनं शेणखत मिसळावं. जवळ तबेला असेल तर महिन्याभराचं जुनं शेण मागून आणावं. ताजं शेण गरम होतं आणि गांडुळं त्यात भाजून निघतात. बकरीच्या लेंड्याही चालतात. दोन दिवस भिजवून, फोडून घाव्यात. मात्र जनावराला नुकतंच जंताचं औषध दिलं असेल तर त्याचं शेण किंवा लेंड्या पेटीत घालू नयेत. पोटातल्या जंतांना मारणारं औषध आपल्या गांडुळांनाही मारू शकतं. बकरी ईदसाठी आणलेल्या जनावरांना विकण्याआधी असं औषध दिलेलं असू शकतं, म्हणून त्यांच्या लेंड्या कुंडीत वापराव्यात, पेटीत नाही.

अंथरूण किती ओलं असावं? मूठभर घेऊन जोरात पिळावं. एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर जास्त, काहीच नाही आलं तर कमी. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास येत असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून वापरावं. तांदूळ धुतलेलं पाणीही अधूनमधून चालतं.

गांडुळं वरून पसरावीत, ती आपोआप खाली जातात. पहिल्या दोन-तीन रात्री पेटीजवळ दिवा चालू ठेवावा. नव्या जागेत ती बुजतात आणि अंधारात भिंतीवर चढतात, उजेड असला की आतच राहतात. पहिला आठवडा काहीच घालू नये. नंतर दोन आठवडे रोज पन्नास-शंभर ग्रॅम, तेही आधीचं संपतंय का ते बघून. कचरा पेटीभर पसरायचा नाही. एका कोपऱ्यात अंथरूण बाजूला करून घालायचा, वरून झाकायचा, पुढच्या वेळी शेजारचा कोपरा. पुन्हा पहिल्या कोपऱ्यावर आलो आणि तिथला माल तसाच असेल, तर त्या दिवशी पेटीला सुट्टी. वर कायम ओलसर गोणपाट. महिनाभर धीर धरला तर पेटीचा स्वभाव कळतो.

काय चालतं, काय नाही

पालेभाज्यांची देठं, बटाटा-गाजर-दुधीच्या साली, मटारची टरफलं, केळीची साल, पपई-टरबुजाची साल, पुदिना-कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं वाळवून कुटलेली: हे सगळं उत्तम. चहात साखर घालून उकळत असाल तर चोथा एकदा पाण्याने खळबळून घ्यावा, नाहीतर मुंग्या येतात. जेवढे तुकडे बारीक तेवढं काम लवकर. कांदा-लसणाची टरफलं थोडी चालतात, ढीगभर नाही. लिंबू, संत्रं, मोसंबीच्या साली जवळजवळ टाळाव्यात. त्यातलं तेल गांडुळांना झोंबतं आणि पेटी आंबट होते. आंब्याच्या कोयी आणि खजुराच्या बिया वर्षभर तशाच राहतात.

शिजवलेलं अन्न हा आपल्या घरांतला खरा प्रश्न आहे. सालन, बिर्याणी, खिचडा यांत तेल, मीठ आणि मसाला असतो. मिठाने गांडुळाची कातडी सुकते, तेलाने तिच्यावर थर बसून श्वास कोंडतो, आणि भात एका रात्रीत आंबून गरम होतो. त्यामुळे ताटातलं उरलेलं काहीही पेटीत नको. मुळात ते उरू नये आणि उरलं तर माणसाच्या किंवा जनावराच्या पोटात जावं. मटण, चिकनचे तुकडे, हाडं, चरबी, मासळीची आतडी, कोळंबीची सालं ही पेटीत कधीच नकोत. गांडुळं ती खात नाहीत. ती सडतात, अळ्या पडतात आणि उंदरांना आमंत्रण जातं. हाडं आणि मांसाचा कचरा नीट बांधून पालिकेच्या ओल्या कचऱ्याच्या गाडीतच द्यावा. बकरी ईदला तर हा नियम दुप्पट कडक: कुर्बानीचा कोणताही भाग घरच्या खतात जात नाही, तो महापालिकेने नेमून दिलेल्या जागीच जायला हवा. कोकणात मासळीचा कचरा माडाच्या मुळाशी पुरतात, ती पद्धत चांगली आहे. फक्त खड्डा दीड-दोन फूट खोल हवा, नाहीतर कुत्री उकरतात.

मालेगाव-भिवंडीच्या वाचकांसाठी एक सूचना. लूमच्या धाग्यांचा कचरा अंथरुणासाठी वापरावा असा मोह होतो, पण त्यात पॉलिस्टर असतं आणि ते कुजत नाही. शंभर टक्के सुती, बिनरंगाचा चिंध्यांचा तुकडा असेल तरच घालावा.

रमजानमध्ये पेटीची परीक्षा होते. इफ्तारच्या दस्तरखानावर कलिंगड, खरबूज, अननस, पपई रोज कापली जाते आणि सालींचं वजन एकदम तिप्पट-चौपट होतं. गांडुळं मात्र तेवढीच असतात. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे दोन दिवस नुसत्या त्याच्याच साली घातल्या तर पेटीचा चिखल होतो. या महिन्यात पेटीला रोजचंच प्रमाण द्यावं. बाकी सगळं मुरवणीच्या बादलीत, प्रत्येक वेळी सालींइतकाच कोरडा पुठ्ठा टाकून. शाबान सुरू झाल्यापासून पुठ्ठ्याचे खोके आणि सुका पाला साठवून ठेवला तर ऐनवेळी धावपळ होत नाही. कलिंगडाची हिरवी साल सोलून पांढऱ्या भागाची भाजी करणारी घरं अजून आहेत, आणि कचरा कमी करण्याचा हा सगळ्यात चवदार मार्ग आहे!

उन्हाळा

महाराष्ट्रात घरगुती पेटी मरते ती बहुधा एप्रिल-मेमध्ये. नागपूर, अकोला, मालेगाव, परभणीला पारा 42-43 च्या वर जातो आणि पत्र्याच्या छपराखाली त्याहून जास्त. गांडुळाला यातून पळायला जमीन नसते, पेटीच्या भिंती असतात. त्यामुळे मार्चमध्येच तयारी करावी. पेटी गच्चीवरून किंवा पश्चिमेच्या बाल्कनीतून काढून घरातल्या सर्वात थंड जागी आणावी: मोरीजवळ, जिन्याखाली, पाण्याच्या माठाशेजारी. प्लास्टिकपेक्षा मातीची पसरट कुंडी बरी. तिच्या भिंतीतून पाणी झिरपतं आणि माठासारखाच गारवा येतो. वरचं गोणपाट सकाळ-संध्याकाळ ओलं करावं, पण पेटीत पाणी ओतू नये. ओलं गोणपाट वाऱ्याला लागलं की गारवा आपोआप मिळतो. फार उकाडा असेल त्या दुपारी पाणी गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवावी.

आणि खाऊ अर्धा करावा. कुजणारा माल स्वतः उष्णता सोडतो. बाहेर 40 अंश असताना आत किलोभर ताजा कचरा घालणं म्हणजे चूल पेटवण्यासारखंच आहे. दोन महिने गांडुळं कमी खाल्ल्याने मरत नाहीत, ती अंथरुणातला कागदही खातात.

पावसाळ्यात उलटं. पेटीवर थेट पाऊस नको. जोराच्या पावसात गांडुळं झाकणाला चिकटलेली दिसली तर घाबरू नये. कोरडा कागद मिसळावा, हवा लागू द्यावी, ती परत खाली जातात.

पेटी बिघडली तर

नीट चाललेल्या पेटीला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. सडक्या अंड्याचा वास आला म्हणजे आत हवा नाही, पाणी जास्त आहे. खाऊ बंद, हाताने किंवा छोट्या खुरप्याने माल हलकेच मोकळा करायचा, भरपूर सुका पुठ्ठा मिसळायचा. चार दिवसांत वास जातो. आंबट वास आणि पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक किडे दिसले तर पेटी आम्ल झाली आहे. ते किडे काही करत नाहीत, पण इशारा म्हणून घ्यावेत. मूठभर अंड्याच्या टरफलाची पूड घालावी, फळं काही दिवस थांबवावीत. चुना मात्र घालू नये, फार तीव्र पडतो.

चिलटं झाली तर कचरा उघडा राहतोय. दोन इंच अंथरुणाखाली गाडावा. काळ्या मुंग्या आल्या तर पेटी सुकली आहे. पाणी शिंपडावं आणि पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. पावसाळ्यात करड्या रंगाच्या, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या वळवळताना दिसतात आणि घरातली मंडळी किंचाळतात. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर घोंगावत नाही आणि तिच्या अळ्या कचरा गांडुळांहून वेगाने खातात. पण त्या खूप झाल्या म्हणजे पेटीत अन्न खूप झालं आहे.

ताटात जमणारा तपकिरी द्रव म्हणजे व्हर्मिवॉश असा समज आहे. तो बहुतेक वेळा अर्धवट कुजलेल्या कचऱ्याचा रस असतो. दहापट पाणी घालून फुलझाडांना द्यायला हरकत नाही, पण पुदिना, कोथिंबीर अशा कच्च्या खाण्याच्या झाडांवर फवारू नये. आणि ताट रोज भरत असेल तर आनंद मानू नये, पेटी जास्त ओली आहे.

खत काढणे आणि वापरणे

पहिलं खत अडीच-तीन महिन्यांनी निघतं. माल काळसर, चहाच्या भुकटीसारखा रवाळ झाला आणि साली ओळखू येईनाशा झाल्या की तयार. काढायची सोपी पद्धत अशी: दोन-तीन आठवडे पेटीच्या एकाच बाजूला खाऊ घालायचा. बरीचशी गांडुळं तिकडे सरकतात, मग दुसऱ्या बाजूचा माल उचलायचा. घाई असेल तर प्लास्टिकच्या कागदावर, दिवसाच्या उजेडात पण सावलीत, मालाचे छोटे शंकूसारखे ढीग करायचे. उजेड टाळायला गांडुळं आत जातात. दहा मिनिटांनी वरचा थर काढायचा, पुन्हा थांबायचं, पुन्हा काढायचा. शेवटी तळाशी गांडुळांचा गोळा उरतो. मुलांना हे काम फार आवडतं. मालात मोहरीपेक्षा थोडे मोठे, लिंबाच्या आकाराचे पिवळसर दाणे दिसतील. ते गांडुळांचे कोष, प्रत्येकातून दोन-तीन पिल्लं निघतात. तेवढे वेचून पेटीत परत टाकावेत. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

गांडूळखतात नत्र साधारण 1 ते 2 टक्केच असतं, रासायनिक खताशी त्याची तुलना करू नये. त्याचा फायदा मातीला होतो: ती भुसभुशीत राहते आणि ओल धरते. नव्या कुंडीत चार भाग मातीला एक भाग खत पुरे. जुन्या दहा-बारा इंची कुंडीत महिन्याला दोन मुठी, वरची माती उकरून मिसळायच्या. पुदिना, कढीपत्ता, मोगरा, मेंदी, मिरची सगळ्यांना चालतं. नुसत्या गांडूळखतात मात्र रोप लावू नये. या पद्धतीत माल फारसा तापत नसल्यामुळे टोमॅटो, मिरची आणि टरबुजाच्या बिया मरत नाहीत, कुंडीत भलतंच रोप उगवलं तर नवल नाही. त्याच कारणाने रोगजंतू मारण्यासाठीही या पेटीवर विसंबू नये: मांजर-कुत्र्याची विष्ठा, डायपर हे तिच्यात कधी जाऊ नयेत.

मेच्या सुट्टीत गावाला जाताना पेटीची काळजी वाटते. दोन-तीन आठवडे गांडुळं आरामात राहतात. निघण्याआधी पोटभर कचरा मात्र घालू नये, नेमकी हीच चूक होते. एक-दोन मुठी मुरलेला माल, वर भिजवून पिळलेल्या पुठ्ठ्याचा जाड थर, त्यावर ओलं गोणपाट आणि सावलीतली जागा. उन्हाळा कडक असेल तर शेजारच्या खालांना किल्ली देऊन एक दिवसाआड गोणपाटावर तांब्याभर पाणी शिंपडायला सांगावं, आणि कचरा घालू नका हेही बजावून सांगावं.